खिडकीशी उभा राहिलेला माणूस

म्हार्दोळ, गोवा

प्रिय बाय,

परवा फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता, म्हणून तेव्हा जास्त बोललो नाही. मुलाखतीत 'पारंपरिक माध्यमं आणि उत्तर-आधुनिक माध्यमं यांत फरक काय' असं विचारलं आणि 'पेपर म्हणजे पारंपरिक, इन्स्टाग्राम म्हणजे उत्तर-आधुनिक' असं तू सांगून टाकलंस. समोरच्या बाई हसल्या नाहीत, नुसतं काहीतरी लिहून घेतलं, आणि तेच तुला जास्त लागलं. अगं, उत्तर इतकं वाईट नव्हतं. अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं मात्र फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. शिवाय माझ्याकडे वेळच वेळ आहे. रिटायर झाल्यापासून सकाळी पेपर उघडायचा आणि लाल पेनानं त्यातल्या चुका काढायच्या, एवढंच काम उरलंय. हल्ली तेवढ्यातच दुपार होते.

आधी ते उत्तर दुरुस्त करू. माध्यम कागदाचं की काचेचं, यावर ते पारंपरिक की उत्तर-आधुनिक हे ठरत नाही. देवळातलं कीर्तन जसंच्या तसं यूट्यूबवर दाखवलं तर साधन नवं, रीत जुनीच. एक बुवा बोलतात, बाकीचे ऐकतात, आख्यानाला सुरुवात असते, शेवट असतो, आणि बुवा सांगतात ते खरं आहे असं धरूनच सगळे बसलेले असतात. उलट एखाद्या दिवशी पेपराचं पहिलं पान उघडावं तर मथळा, कॉलम, बातमीदाराची भाषा सगळं जागच्या जागी, आणि वर कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'जाहिरात'. ते पान कागदाचं असूनही उत्तर-आधुनिक. ते बातमी देत नाही, बातमीचं सोंग आणतं. आणखी एक बघ. रोजच्या पेपरात 'अमुक व्हिडिओ व्हायरल' अशी एक तरी बातमी असते. व्हिडिओतलं ते कुठं घडलं, कधी घडलं, त्यातला माणूस कोण, यातलं काही नसतं. व्हिडिओ फिरला, हीच बातमी. माध्यम माध्यमाबद्दल बोलत बसतं आणि मूळ गोष्ट दाराबाहेर उभी राहते. मी पेपरात होतो तेव्हा आमच्या डेस्कवर एक उभी सळी असायची, नापास कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, तिच्यात खुपसायची. असली कॉपी कुणी आणली असती तर मुख्य उपसंपादकांनी ती न वाचताच सळीला लावली असती. निदान तेव्हा तरी.

आता माझी एक गोष्ट ऐक. मी ती फारशी कुणाला सांगत नाही, कारण चूक माझी होती.

१९८४ चा पावसाळा. मी तेव्हा एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक होतो. खिळे जुळवून छपाई करायचे दिवस संपत आले होते, पण आमच्याकडे अजून संपले नव्हते. फोटो छापायचा तर त्याचा जस्ताचा ब्लॉक करून आणावा लागे. महाग काम, म्हणून एकदा केलेला ब्लॉक टाकून देत नसत. लाकडी खणांत ठेवत, दोऱ्यानं चिठ्ठी बांधून, चिठ्ठीवर नाव. त्या रात्री एका शिक्षकांच्या निधनाची बातमी आली. त्यांच्या नावाचा ब्लॉक खणात सापडला. मी प्रूफवर नाव ताडून पाहिलं, बरोबर होतं, सही करून पान सोडलं. चेहरा कुणी ताडायचा? ब्लॉकवर चेहरा उलटा असतो, डावं ते उजवं, आणि काळपट धातूवर तो ओळखू येईलच असं नाही. नाव-आडनाव तंतोतंत तेच असलेले एक दुकानदारही तालुक्यात आहेत आणि ब्लॉक त्यांचा आहे, हे सकाळी कळलं. कारण साडेदहाच्या सुमारास ते स्वतः आले.

छोट्या जाहिराती घ्यायची जी खिडकी होती तिथं ते उभे राहिले. छत्रीतून पाणी गळत होतं. आमच्या कारकुनाला म्हणाले, "काल मी गेलो म्हणे. बघायला आलो." कारकून हसला. मागे त्यांची बायको उभी होती, ती हसली नाही, तेव्हा त्याचंही हसू आटपलं. पहाटेपासून त्यांच्या घरी माणसं येत होती. वास्कोहून भाऊ टॅक्सी करून निघाला होता. संपादक केबिनमधून बाहेर आले आणि त्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचव्या पानावर तीन ओळींची दिलगिरी छापली आणि सुटलो असं समजलो. तर तिसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच खिडकीशी. या वेळी एकटे. म्हणाले, "माझा फोटो तिसऱ्या पानावर मेला. मग मला जिवंत पाचव्या पानावर का करता?"

याला कुणापाशी उत्तर नव्हतं. चौथ्या दिवशी तिसऱ्या पानावर, त्याच जागी, तेवढाच फोटो, वर 'हे गृहस्थ सुखरूप आहेत'. पगारातून माझे काही कापले नाहीत. संपादक एवढंच म्हणाले, "खिडकी आहे म्हणून ते आले. नसती तर काय केलं असतं त्यांनी?"

तुला विचारलेल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. पुस्तकी उत्तर पुढं देतोच, ते तुला लागेल. पण पारंपरिक माध्यमाला एक खिडकी असते. पेपराच्या शेवटच्या पानावर तळाला एक ओळ असते, आम्ही तिला प्रिंटलाइन म्हणतो. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, छापलं कुठं, संपादक कोण. १८६७ साली इंग्रजांनी केलेल्या कायद्यानं ती सक्तीची केली, आणि केली ती प्रेमापोटी नव्हे, सरकारविरुद्ध काही छापून आलं तर कोणाला धरायचं हे कळावं म्हणून. २०२३ मध्ये त्या जागी नवा कायदा झाला. ओळ अजून छापतात, वाचत कुणी नाही. पण सरकारच्या सोयीसाठी केलेली ती ओळ आपल्या दुकानदारालाही कामाला आली.

व्हॉट्सअ‍ॅपवर अशी ओळ कुठली? तिथं मजकुरावर दोन बाण येतात आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं लिहून येतं. म्हणजे बाबा रे, हे फार लांबून, फार हातांतून आलंय. कुणाच्या हातून निघालं ते नाही. प्रिंटलाइन सांगायची की हे कोणाचं. ती दोन बाणांची खूण सांगते की हे कोणाचंच नाही. भारतात अफवांतून माणसं मारली गेली तेव्हा, २०१८ च्या जुलैत, त्या कंपनीनं इथं एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. नळ बारीक केला. पाणी कुठल्या विहिरीचं, हा प्रश्न तसाच.

आता पुस्तकी भाग. मी थोडक्यात सांगतो, विस्तार तुला लायब्ररीत मिळेल.

ल्योतार नावाचा फ्रेंच विचारवंत. क्वेबेकच्या सरकारनं नेमलेल्या विद्यापीठ परिषदेसाठी त्यानं १९७९ मध्ये ज्ञानाच्या अवस्थेवर एक अहवाल लिहिला. गंमत बघ, ज्या 'उत्तर-आधुनिक' शब्दानं पुढं सरकारी सत्याची सालं काढली तो शब्द एका सरकारी अहवालातून जगभर गेला. त्याचं म्हणणं असं की महाकथनांवरचा विश्वास उडणं म्हणजे उत्तर-आधुनिक अवस्था. महाकथन म्हणजे सगळ्या लहान गोष्टींना आपल्या पोटात घेणारी एक मोठी गोष्ट. माणूस विज्ञानानं पुढं पुढं जातो आहे, ही एक. राष्ट्र, क्रांती, देवाचं राज्य, या आणखी काही. पारंपरिक माध्यम अशा एखाद्या गोष्टीच्या ओसरीवर बसून बोलतं. त्या गोष्टीवर भरवसा असतो म्हणून पहिल्या पानावर काय आणि सातव्या पानावर काय, हे संपादकाला ठरवता येतं. भरवसा गेला की पहिलं पान कुठलं? तुझ्या फोनच्या फीडला पान नाहीच. महापुराखाली मांजर, मांजराखाली साडीची जाहिरात, तिच्याखाली कुणाचं तरी तेरावं. सगळ्यांची उंची सारखी.

दुसरा बोद्रियार. तोही फ्रेंच. १९८१ मध्ये त्यानं मांडलं की आता आधी नकाशा असतो आणि भूमी मागून येते. प्रतिमा खऱ्याची नक्कल करत करत अशा टोकाला पोचते की पाठीमागं खरं काही उरलेलंच नसतं. हे वाचताना मुलं गोंधळतात. गोव्याच्या माणसानं गोंधळायचं कारण नाही. १९५१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारनं घटनेत बदल करून वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' असं नाव दिलं. वसाहतच नाही म्हटल्यावर स्वातंत्र्य कसलं मागता? इथल्या पेपरांचा मजकूर छापण्याआधी सेन्सॉरच्या नजरेखालून जात होता, म्हणजे कागदावर तरी सगळा आनंदीआनंद. ती 'सोनेरी गोवा' नावाची गोष्ट होती. तिला छेद द्यायला १९५५ पासून आंबोलीच्या रानातून एक गुप्त रेडिओ चालायचा, लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांचा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तरी लिस्बननं, म्हणजे पोर्तुगाल सरकारनं, ते मानलं नाही. तिथल्या संसदेत गोव्याचं प्रतिनिधित्व पुढंही चालू राहिलं. त्यांनी भारतातलं विलीनीकरण मान्य केलं १९७४ मध्ये. तेरा वर्षं, बाय! तेरा वर्षं लिस्बनमध्ये एक गोवा होता आणि त्या गोव्यात एकही गोंयकार राहत नव्हता. मुलाखतीत बोद्रियार आला तर हे सांग. त्याची स्वतःची उदाहरणं याच्यापेक्षा चांगली नाहीत.

यावरून तुझ्या लक्षात येईल की जुनं माध्यम काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. मला त्याचा पुळका आहे असं तुला वाटू नये. १९६७ च्या जानेवारीत जनमत कौल झाला, गोव्यानं महाराष्ट्रात जायचं की संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित, राहायचं. मी तेव्हा लहान होतो, पण आमच्या सोप्यावरची भांडणं मला आठवतात. बाबा 'गोमंतक' घेत, तो विलीनीकरणाच्या बाजूचा. काका मडगावहून येताना 'राष्ट्रमत' आणत, तो विरोधातला, आणि त्यातलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' मोठ्यानं वाचून दाखवत. मुद्दाम, बाबांना ऐकू जाईल असं. विलीनीकरणाची निशाणी फूल, संघप्रदेशाची दोन पानं. आई म्हणायची, या घरात फूल आणि पानं एका भांड्यात राहत नाहीत. निकाल लागला तेव्हा दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मतं होती. काकांनी पेढे आणले, बाबांनी खाल्ले नाहीत, रात्री सगळे निजल्यावर डबा उघडताना मी त्यांना पाहिलं.

दोन्ही पेपर एकांगी होते. दोन्हीकडं महाकथन होतं, एकीकडं मराठीचं, एकीकडं गोंयकारपणाचं. तरी एक गोष्ट होती. काका काय वाचतात ते बाबांना ठाऊक होतं. तो पेपर त्यांच्या डोळ्यांसमोर घडीच्या खुर्चीवर पडलेला असे, आणि राग आला की ते तो उचलून वाचत, आणखी चिडत. आज माझ्या पुतण्याचा गोवा आणि माझा गोवा एकाच वायफायवर चालतो, पण त्याच्या फोनात काय येतं ते मला दिसत नाही. आम्ही भांडतसुद्धा नाही. भांडायला दोघांनी एकच काहीतरी वाचलेलं लागतं ना?

आखाती युद्धाचं सांगतो, कारण तिथं माझी स्वतःची पहिली ठेच लागली. जानेवारी १९९१. तोपर्यंत मी उपसंपादक झालो होतो आणि जगाच्या बातम्या माझ्याकडं होत्या, म्हणजे टेलिप्रिंटरच्या भेंडोळ्या फाडायच्या आणि मराठीत आणायच्या. युद्ध सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले होते. समुद्राकडच्या एका हॉटेलात डिश बसवली होती आणि तिथं अमेरिकन वाहिनीवर युद्ध चालू दिसतं, अशी वार्ता आली. संपादकांनी मला पाठवलं. लॉबीत टीव्ही, भोवती खुर्च्या, हातात पेले घेतलेले पर्यटक. पडद्यावर हिरवट काळोख आणि त्यात ठिणग्या वर जाताहेत. कुणीतरी म्हणालं, दिवाळीसारखं दिसतंय. तासभर मी पाहिलं. परत डेस्कवर आलो तेव्हा संपादकांनी विचारलं, "काय पाहिलंस?"

मी म्हणालो, "युद्ध पाहिलं."

"माणसं किती दिसली?"

एकही नाही. तासाभरात एकही मेलेला, जखमी झालेला, पळणारा माणूस मी पाहिला नव्हता. हिरवा उजेड पाहिला होता. त्यांनी मला शांतपणे सांगितलं की मग लिही, काल रात्री बगदादवर उजेड दिसला, बाकीचं एजन्सीचं घे आणि एजन्सीचं नाव घाल. त्याच वर्षी बोद्रियारनं लिहिलं की आखाती युद्ध झालंच नाही, आणि लोक त्याच्यावर तुटून पडले. मला पुष्कळ वर्षांनी ते वाचायला मिळालं. माणसं मेली नाहीत असं त्याला म्हणायचं नव्हतं. आपण जे पाहिलं ते युद्ध नव्हतं, एवढंच. हॉटेलातली ती हिरवी लॉबी मला आठवली आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. पण एक सांगू? संपादकांना बोद्रियार माहीत नव्हता, तरी त्यांनी तोच प्रश्न विचारला होता.

आता इथं ये, घराजवळ. शापोऱ्याच्या किल्ल्यावर जाणाऱ्या पोरांना विचार. आदिलशहाच्या शहापुऱ्यावरून आलेलं ते नाव, पोर्तुगीजांनी बांधलेला तो कोट, हे दहांतल्या एकालाही ठाऊक नसेल. २००१ च्या एका हिंदी सिनेमात तीन मित्र तिथं बसले होते, म्हणून किल्ल्याला त्या सिनेमाचं नाव पडलंय. पर्रेचा तो माडांचा रस्ता घे. माणसं तिथं रस्ता बघायला जात नाहीत. रस्त्याचा फोटो त्यांनी आधीच शंभरदा पाहिलेला असतो, त्यात आपण उभं राहायचं म्हणून जातात. २०१९ च्या अखेरीला तिथल्या पंचायतीनं फोटो आणि शूटिंगवर शुल्क लावलं, ओरड झाल्यावर ते सोडून दिलं. गावाला स्वतःच्या प्रतिमेचं भाडं मागावंसं वाटलं, यात हसण्यासारखं काही नाही. बाहेरच्या लोकांच्या फोनात जो गोवा आहे त्यात फोंडा तालुका नाहीच मुळी. सत्तरी नाही, तिथलं रणमालं हे लोकनाट्य नाही, शिगम्याच्या मांडावरचा घाम नाही. आणि आपली पोरं आता त्या फोनातल्या गोव्यासारखी दिसायचा प्रयत्न करताहेत. बोद्रियार असता तर त्याला इथं बसायला मी खुर्ची दिली असती.

हे सगळं वाचून तू म्हणशील, काका, तुम्हाला नवं काही आवडतच नाही. तसं नाही ग. उत्तर-आधुनिक म्हणून जे सांगतात, तुकडे जोडणं, मधेच प्रेक्षकांशी बोलणं, उच्च आणि हलकं एकत्र करणं, स्वतःचीच टिंगल, हे आपल्याला काही परकं नाही. काल्यात, आपल्या देवळातल्या त्या लोकनाट्यात, संकासुर येतो तेव्हा काय करतो? पुराणातला राक्षस तो, वेद चोरायला आलेला, आणि बोलतो गावच्या रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल. समोर बसलेल्या सरपंचाला नावानं हाक मारतो. लोक हसतात, सरपंचही हसतो, हसावंच लागतं. मीम म्हणजे तरी दुसरं काय? जेम्सन म्हणून एक अमेरिकन अभ्यासक होता. त्यानं यात एक भेद केला आहे तो मला पटतो. विडंबनाला कुणाला तरी टोचायचं असतं. ज्याला त्यानं पास्तीश म्हटलं त्यात नक्कल असते पण टोचणं नसतं, कारण कोणतं खरं आणि कोणतं वेडंवाकडं याचा मापदंडच हरवलेला असतो. संकासुराला मापदंड ठाऊक आहे. आणि दुसरं म्हणजे काला संपल्यावर तोंड धुऊन तो त्याच देवळाच्या पायरीवर चहा पितो. सरपंचाला काही बोलायचं असेल तर तिथं येऊन बोलता येतं. म्हणजे संकासुरालाही खिडकी आहे.

तुझी जायांच्या फुलांच्या पूजेची रील मी चार वेळा पाहिली. म्हाळसेच्या देवळातला तो उजेड, ओल्या फुलांचा पांढरा ढीग, माळा ओवणाऱ्या त्या म्हातारीची बोटं. बोटांवर तू तीन सेकंद थांबलीस, तिथं मला वाटलं, ही पोरगी शिकेल. पण आवाज तू काढून टाकलास आणि कुठलंतरी पंजाबी गाणं घातलंस. का? त्या गाण्यावर रील चालते म्हणून, हे मला समजतं, माझ्या काळी क्रिकेटचा मथळा मोठा केला की अंक खपायचा. तरी त्या जागी म्हातारी काहीतरी पुटपुटत होती, तिचे ओठ हलताना दिसतात. ते काय होतं हे आता कुणालाच कळणार नाही, फक्त तुझ्या फोनात मूळ फाइल उरली असेल तर. उरली आहे का? ती जपून ठेव. कापलेलं जग बघेल, न कापलेलं तुझ्याकडं असायला हवं. उद्या कुणी म्हणालं की हे असं नव्हतंच, तर तुला काढून दाखवता येईल.

आणि खाली तारीख नाही, गाव नाही. कमेंटमध्ये एकानं विचारलंय, 'जवळचा बीच कुठला?' तू त्याला हसरा चेहरा पाठवलास. मला राग आला नाही, वाईट वाटलं थोडं. त्याला सांगायचं होतंस, इथं बीच नाही, इथं जायांचे मळे आहेत, ही फुलं इथल्याच मळ्यांतली, आणि ओवणारी बाई याच गावची. तिला विचारून घेतलंस ना? तिचा चेहरा चाळीस हजार लोकांनी पाहिला. तिला माहीत आहे का? नसेल तर जाऊन दाखव. तिच्या हातात फोन दे आणि ती काय म्हणते ते ऐक. नको म्हणाली तर काढून टाक. चाळीस हजार पुन्हा मिळतात.

जुलै २०२१ च्या पुरात तू एक व्हिडिओ पुढं पाठवला होतास, मला पण आला होता. वाहून जाणारी गाडी. सत्तरीतली म्हणून. मी बघितलं तर पाठीमागच्या दुकानाची पाटी गुजराती. त्या दिवशी सत्तरीत आणि डिचोलीत घरं खरोखरच पाण्यात होती, खोट्याची काही गरज नव्हती. तू नंतर तो काढलास, पण गुपचूप. गुपचूप काढू नये, बाय. जिथं टाकलंस तिथंच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, 'मी काल टाकलेला व्हिडिओ इथला नव्हता' असं लिहावं. चोवीस तासांनी नाहीशा होणाऱ्या स्टोरीत नव्हे. तो दुकानदार काय म्हणाला होता ते आठव.

पुढच्या मुलाखतीत विचारलं तर पुस्तकी उत्तर दे. एकच आवाज की अनेक, सरळ रेघ की तुकडे, मूळ की प्रतिमा, सांगणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा की दोघे एकच, हे सगळं सांग. ल्योतार आणि बोद्रियार यांची नावं नीट उच्चार, लोक त्यावरच मार्क देतात. उदाहरणं मात्र इथली दे. खिडकीचं सांगायचं की नाही ते तू ठरव. समोरची माणसं कधी डेस्कवर बसलेली असतील तर त्यांना समजेल. नसतील तर राहू दे.

आता एक काम. तुझ्या पानावर वर जिथं नाव लिहितात तिथं तू तीन इमोजी आणि 'सुसेगाद गर्ल' असं लिहिलंयस. ते राहू दे हवं तर, वयाचा भाग आहे. खाली एक ओळ वाढव. चूक दिसली तर कुठं कळवायचं ती. घरचा नंबर टाकू नकोस, एक वेगळा ईमेल काढ आणि तो रोज उघड. पहिले सहा महिने शिव्याच येतील. सातव्या महिन्यात कुणीतरी छत्री घेऊन येईल.

ऐतवारी घरी ये. खिळ्यांचा विभाग बंद झाला तेव्हा ब्लॉक भंगारात किलोनं गेले. मी एकच मागून घेतला, तो दुकानदाराचा. ते गृहस्थ पुढं बरीच वर्षं जगले. कपाटात आहे, जस्त काळवंडलंय पण चेहरा शाबूत आहे. उलटा आहे, आरशात धरावा लागतो. काकी पातोळ्यो करणार आहे, हळदीची पानं परसात भरपूर झालीत. येताना ती मूळ फाइल आण. म्हातारी काय पुटपुटत होती ते आपण कान लावून ऐकू.

तुझा,
काका